यंत्र वगळतं त्या ओळी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिला गच्चीवर कपडे वाळत घालायचे असतात. कपडे नसले तरी. आदल्या दिवशीचे वाळलेले टॉवेल ती बादलीत घालून वर नेते आणि पुन्हा दोरीवर टाकते. खाली पुढच्या खोलीत फोन वाजतो, आई उचलते आणि "बोल रे" म्हणते. तेवढे दोन शब्द जिन्यातून वर येतात. मग चिमटे लावत राहायचं. वीसेक मिनिटांनी आई जिन्याच्या तोंडाशी येते. "झालं गं त्याचं बोलून. ये आता खाली."

अकरा वर्षं असंच चाललं आहे. फोन दादाचा असतो. दादा दुसऱ्या शहरात असतो, आणि ती, घरातली धाकटी, त्याच्याशी बोलत नाही, तो धाकटीशी बोलत नाही. धाकटी आता सेहेचाळीस वर्षांची आहे, पण घरात तिला दुसरं नाव कधी मिळालंच नाही.

"लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात," आई म्हणते. "तुम्ही कशावरून भांडलात ते मला शेजारणीला सांगतासुद्धा येत नाही."

सांगायचंच झालं तर सुरुवात एका डब्यापासून करावी लागेल. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेल्या तीन कॉम्प्युटरांचे अवयव त्यांनी गोणीत भरून घरी आणले आणि दोन्ही मुलांसमोर ओतले. दादा एकवीसचा होता, ती सोळाची. दोघांनी महिनाभर खपून त्यातून एक जिवंत मशीन उभं केलं. त्यात घालायला दोन सीडी मिळाल्या. एकीत फ्रीबीएसडी, दुसरीत डेबियन. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्याला हातपाय हलवायला लावते ती ऑपरेटिंग सिस्टीम. या दोन्ही तशाच सिस्टीम, दोन्ही फुकट, आणि दोन्हींच्या पोटातलं सगळं उघडं. कुणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं.

दादाला पहिली आवडली. एकाच हातानं बांधल्यासारखी, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, सगळं एका जाड पुस्तिकेत लिहून ठेवलेलं. तिला दुसरी आवडली. जगभरच्या हजारो लोकांनी वाद घालत, मतं देत, सावकाश उभी केलेली. पुरती खात्री झाल्याशिवाय नवं काही आत न घेणारी. भांडण नको म्हणून वडिलांनी डिस्कचे दोन भाग करायला लावले. अर्धी त्याची, अर्धी तिची. मशीन सुरू केलं की पडद्यावर दोन नावं यायची आणि ते दहा सेकंद वाट बघायचं. कुणी काही दाबलं नाही तर वरचं नाव चालू व्हायचं. वर कुणाचं नाव ठेवायचं, हा त्या घरातला रोजचा तंटा होता. उठताना तो आपलं नाव वर करून ठेवायचा, बसल्याबसल्या ती ते खाली ढकलायची.

पुढे दोघांनी मिळून तेच पोटापाण्याचं काम केलं. लहानसहान कचेऱ्यांना, दवाखान्यांना मशीनं लावून द्यायची. शेवटचं काम जनावरांच्या दवाखान्याचं. तिथं वाटणी सरळ होती: टेबलांवरची नऊ मशीनं तिची, डेबियनची, मागच्या खोलीतला सर्व्हर, ज्यात प्रत्येक जनावराची माहिती आणि एक्स-रे राहतात, तो दादाचा, फ्रीबीएसडीचा. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही.

ती गेली. दादा बाहेर होता, आणि तिला पेनड्राइव्हवर एक सीडी उतरवून हवी होती. घरच्या मशीनवर दादाची सिस्टीम पेनड्राइव्हला 'डीए-एक' म्हणायची. तिनं तेच नाव दिलं, एंटर दाबलं आणि हात पुसत चहाला गेली. सर्व्हरच्या डिस्का वेगळ्या जातीच्या होत्या. तिथं डीए-एक म्हणजे बॅकअपची डिस्क होती. पेनड्राइव्ह होता डीए-दोन. ती परत आली तेव्हा तीन वर्षांचे जुने एक्स-रे, जे जागा व्हावी म्हणून दादानं फक्त त्या डिस्कवर हलवले होते, ते पुसून त्या जागी एक सीडी नीटनेटकी उतरली होती.

"तुझ्या हातात मशीन द्यायलाच नको होतं," दादा म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझी सिस्टीम माणसांसाठी नाहीच," ती म्हणाली. "तुझ्या एकट्याच्या मिजाशीसाठी आहे."

पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. ती दवाखान्यातच राहिली. तिला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणू लागले.

त्यानंतर तिनं सर्व्हरला आतून हात लावला नाही. बाहेरून मात्र सगळं. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची औषधांची कोठी, एक्स-रेच्या खोलीला लागून. स्पिरिटचा वास भिंतींतून अजून गेलेला नाही. वरच्या मजल्यावर ऑपरेशन झालेली कुत्री ठेवतात, त्यांची नखं छतावर वाजत राहतात. आणि केस. सगळ्या दवाखान्याचे केस तरंगत तरंगत त्या कोठीत येतात आणि सर्व्हरच्या जाळीवर बसतात. महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी, ती खाली बसून जाळी काढते आणि बोटांनी केसांचा नमद्यासारखा थर सोलून काढते.

"कॉम्प्युटरबाई, एवढ्या केसांत एक अख्खं मांजर होईल," काउंटरवरची रिसेप्शनिस्ट म्हणते. "केस पेपर काढू का त्याचा?"

"काढ. मालक म्हणून तुझं नाव घाल."

सर्व्हर मात्र अकरा वर्षं कधी आजारी पडला नाही. दादानं बांधलाय, पडणार नाहीच, असं ती मनाशी म्हणायची, आणि त्याचा तिला रागही यायचा.

मग एक दिवस मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक कासव होतं, उलटं. त्याच्या पोटाला मलम लावत त्या म्हणाल्या, "नवा सर्व्हर येतोय. जुना खूप घरघर करतो, माझ्या एक्स-रेवाल्याला वाटतं कुणीतरी दम्याचा पेशंट आहे. टेबलांवरची मशीनंही बदलू. महिना घ्या. कुठली सिस्टीम टाकायची ते तुम्ही ठरवा, आणि का ते मला एका कागदावर द्या. मला कळेल अशा भाषेत."

नवं मशीन विकणारा गृहस्थ म्हणाला होता, "सरळ उबुंटू टाका सगळीकडे. सध्या सगळे तेच टाकतात." तो वाईट सल्ला नव्हता. तिनं कागदावर तीन नावं लिहिली: फ्रीबीएसडी, डेबियन, उबुंटू. कोठीत एक रिकामं मशीन लावलं आणि एकेक सिस्टीम त्यात आठ-आठ दिवस चालवून बघायचं ठरवलं.

टेबलांचा प्रश्न लवकर सुटला. उबुंटूचा नव्या तऱ्हेचा पडदा तिनं नमुन्यादाखल काउंटरवर लावला. अर्ध्या तासात रिसेप्शनिस्ट कोठीच्या दारात.

"माझं छापायचं बटण कुठं गेलं?"

"डावीकडे आलंय. मोठं झालंय."

"मोठं कशाला हवंय? मी बटणाकडे बघतच नाही. माझ्या एका हातात कुत्र्याचा पट्टा असतो, दुसऱ्यात कागद. हात आपला आपण जातो. आता हात गेला तर तिथं घड्याळ आहे. मी एवढ्यात तीन वेळा घड्याळ छापलंय!"

तिनं जुन्याच ठेवणीचा पडदा परत दिला. टेबलांवर डेबियन राहील, कारण तिथल्या हातांना वाटा पाठ आहेत. एवढं तिनं कागदावर लिहिलं आणि उबुंटूवर फुली मारली. सर्व्हरसमोरची जागा कोरी राहिली.

ती भरायची तर जुन्या सर्व्हरवर काय काय चालतं ते बघायला हवं होतं. म्हणजे आत जायला हवं होतं. मंगळवारी दुपारी, वर कुत्री झोपलेली असताना, ती स्टूल ओढून बसली. पासवर्ड तिच्या डोक्यात नव्हता, बोटांत होता.

आत दादाचं घर होतं तसंच होतं. प्रत्येक फाइल जिथं असायला हवी तिथं. यंत्रानं कसं वागायचं ते अशा साध्या फाइलींत ओळीओळीनं लिहिलेलं असतं. एखाद्या ओळीच्या आधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांचं चिन्ह घातलं की यंत्र ती ओळ वगळतं. ती फक्त माणसासाठी. पुढे जो कुणी येईल त्याच्यासाठी शेरा. बहुतेक जण तिथं एखादा शब्द टाकतात. दादाला सवय होती ऐसपैस लिहायची. काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून रोमन अक्षरांत मराठी.

'ही ओळ बदलू नये. बदललीच तर मला विचारावं. धाकटे, तुला म्हणतोय.'

तिला हसू आलं. तारीख भांडणाच्या आधीची होती. पुढची फाइल उघडली. 'हे असं का केलं ते मलाच आठवत नाही, पण चालतंय.' तीही आधीची. मग तिनं डिस्कांची यादी असते ती फाइल उघडली. ती उघडायचं तिनं अकरा वर्षं टाळलं होतं.

'डीए-एक: बॅकअप. पेनड्राइव्ह नव्हे. नावं सारखी वाटतात हे लिहून ठेवणं माझं काम होतं, मी लिहिलं नव्हतं. जुने एक्स-रे एकाच ठिकाणी ठेवणं हीसुद्धा माझी चूक. तिची नाही.'

ती ओळ तिनं वाचली. वर कुठलं तरी कुत्रं झोपेतच भुंकलं. तिनं तारीख वाचली. तारीख भांडणानंतर सोळा दिवसांची होती. दादा नऊ दिवसांतच गेला होता.

मग तिनं सर्व्हरवर कोण कधी येऊन गेलं त्याची नोंद मागवली. यादी खाली खाली जात राहिली. दर महिन्याचा पहिला शनिवार. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. दूरच्या शहरातून, स्वतःच्या जुन्या किल्लीनं. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती सर्व्हरवर असली की बाहेरून आत येता येतं. ती काढून टाकायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण ते काम तिचं होतं आणि ती आत जात नव्हती. शेवटची नोंद गेल्याच शनिवारची.

म्हणजे सर्व्हर आपला आपण चालत नव्हता.

शोधत शोधत ती एका लहानशा फाइलपाशी आली. तिच्यात यंत्राला सांगायचं असं काहीच नव्हतं. सगळ्याच ओळी वगळायच्या.

'तापमान एकूणसाठ. जाळी भरली असावी.'

'तापमान शेहेचाळीस. धाकटीनं जाळी साफ केली.'

'सत्तेचाळीस. साफ केली.'

'एकसष्ट. या शुक्रवारी केली नाही. आजारी आहे का? आईला विचारणे.'

त्या महिन्यात तिला ताप आला होता. रविवारी फोनवर आई म्हणत होती, "हो रे, पडून आहे, उतरेल उद्या." ती गच्चीवर गेली नव्हती, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

'पंचेचाळीस. साफ केली.'

ओळी मोजायच्या नाहीत असं तिनं ठरवलं. पडदा बंद केला. पाय आखडले होते, उठताना रॅक धरावा लागला. गेल्या वर्षापासून डावा गुडघा खाली बसलं की बोंब मारतो, पण हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. आई लगेच तेल घेऊन बसेल.

आता निवड अवघड झाली. आठवडाभर ती दोन सिस्टीम पुन्हापुन्हा बसवत राहिली. नव्या मशीनचे सगळे भाग दोन्ही ओळखत होत्या. दोन्हींवर जनावरांची माहिती नीट उतरत होती. फ्रीबीएसडी टाकली तर दादाची सगळी मांडणी जशीच्या तशी उचलून नेता येईल. अकरा वर्षांचा अनुभव हे काही लहान कारण नव्हे. कागदावर ते फार छान दिसलं असतं. आणि टाकली की अडणार, हेही तिला ठाऊक होतं. अडलं की विचारावं लागणार. विचारायचं तर कुणाला, हे लिहून ठेवलेलंच होतं: मला विचारावं.

कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. कोरी जागा कोरीच होती. तिनं आधी ते सांगून टाकलं.

"माझ्या भावाची किल्ली अजून सर्व्हरवर आहे. तो दर महिन्याला येऊन डागडुजी करून जातो. मला आत्ता कळलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अकरा वर्षं? न सांगता?"

"हो."

"आणि तुम्ही दोघं बोलत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रिसेप्शनिस्टनं. तिला कुणी सांगितलं ते मला विचारू नका." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "बरं. उद्या नवा सर्व्हर बंद पडला आणि माझ्या टेबलावर पोट फाडलेलं कुत्रं आहे, तर तो कोण उघडणार? इथं?"

"मी."

"मग तुमचा हात ज्याच्यावर बसलाय ते टाका. त्याचा बसलाय ते नको." त्या थांबल्या. "आणि त्याला म्हणावं, बघायचं असेल तर बघ. हात लावायचा असेल तर दारातून आत ये. माझा दवाखाना आहे, धर्मशाळा नाही."

उत्तर तिला आधीच माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आत काहीतरी खाली बसलं, जाळीवर केस बसतात तसं. कोऱ्या जागेत तिनं लिहिलं: सर्व्हरवरही डेबियन. कारण: जो माणूस जागेवर आहे त्याला ती येते.

दोन शनिवार-रविवार लागले. तापातला तो रविवार सोडला तर गच्चीवर टॉवेल न नेण्याचे हे दोनच रविवार. ती घरीच नव्हती. नवा सर्व्हर तिनं बांधला. नावं नीट लिहिली, बॅकअपच्या डिस्कवर कागदाची पट्टीसुद्धा चिकटवली. जुना बंद करायच्या आधी दादाची ती लांबलचक ओळ उचलून नव्यात ठेवली, पण त्या किल्लीनं आता फक्त बघता येणार होतं. बदलता येईल अशी एकच फाइल होती. तापमानांची. ती तिनं सगळीच्या सगळी नव्या मशीनवर आणली. शेवटच्या ओळीखाली कर्सर लुकलुकत राहिला.

मनात फार होतं. लिहिताना बोटं अडली. दादासारखं ऐसपैस तिला कधीच जमलं नव्हतं. शेवटी तिनं तेच चिन्ह घालून, रोमन अक्षरांत, लिहिलं:

'दादा, डेबियन टाकलंय. रागावशील. डीए-एकची चूक माझी होती, तू आपल्या नावावर का घेतलीस? जाळी मीच साफ करते अजून, पण रॅक फार खाली आहे, गुडघा दुखतो. तापमान एकेचाळीस.'

नव्या सिस्टीमवर देवनागरीही उमटली असती. तिच्या लक्षात आलं ते नंतर. तसंच राहू दिलं.

मग तिनं जुन्या सर्व्हरचं बटण दाबून धरलं. घरघर हळूहळू उतरत गेली. भिंतीपलीकडून एक्स-रेवाला ओरडला, "गेला का हो पेशंट?"

"गेला," ती म्हणाली.

पहिल्या शनिवारपर्यंत बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत ती रोज एकदा यादी बघायची आणि रोज स्वतःला म्हणायची की आज कसा येईल. शनिवारी ती दवाखान्यात मुद्दाम उशिरापर्यंत थांबली नाही. घरी येऊन आईबरोबर भाजी निवडली. सोमवारी सकाळी, रिसेप्शनिस्ट यायच्या आधी, पाहिलं. शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आत आला होता. चार मिनिटं.

दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं असणारा दादा चार मिनिटं होता. तापमानांची फाइल तिनं उघडली. तिच्या ओळीखाली काही नव्हतं. तिची ओळ वाचायला चार मिनिटं लागत नाहीत, तिनं स्वतः मोठ्यानं वाचून घड्याळ लावून बघितलं. उरलेला वेळ तो काय करत होता, हे कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसतं.

काउंटरवर दिवसभर एक पोपट शिव्या देत होता. तिनं ऐकलं नाही.

आठवडा तसाच गेला. पुढच्या रविवारी दहा वाजता तिनं बादली उचलली, टॉवेल भरले आणि वर गेली. खाली फोन वाजला. "बोल रे," आई म्हणाली. ती चिमटे लावू लागली. आज आईचा आवाज मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. वीस मिनिटांच्या आतच आई जिन्याच्या तोंडाशी आली.

"अगं, तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

तिच्या हातात चिमटा तसाच राहिला.

"दादा विचारत होता," आई म्हणाली. "गुडघा फार दुखतो का, डॉक्टरला दाखवला का, म्हणे. मी म्हटलं, मला कुठं माहीत? ती माझ्याशी कधी बोलली नाही त्याबद्दल. एका घरात राहून मला ठाऊक नाही, आणि त्याला एवढ्या लांब कुणी सांगितलं?"

दोरीवर कोरडे टॉवेल हलत होते. खालून फोन ठेवल्याचा आवाज आलेला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "फोन ठेवलास?"

"नाही. म्हणाला, विचारून ये. धरून बसलाय."

जिना सोळा पायऱ्यांचा होता. डावा गुडघा प्रत्येक पायरीला दुखत होता, आणि ती एकेक पायरी उतरत होती, भिंतीला हात लावून, अजिबात घाई न करता, कारण तो धरून बसला होता.